परवान्यामागचे राज्य

रत्नागिरीस येणारा प्रवासी थिबा राजाचा वाडा पाहिल्यावाचून सहसा परत जात नाही. खाडीकडे तोंड केलेली ती लाल इमारत १९१० साली बांधून पूर्ण झाली आणि ज्याच्यासाठी ती बांधली तो ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा तेथे जेमतेम सहा वर्षे राहून १९१६ साली मरण पावला. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतले, १८८६ च्या प्रारंभी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या राज्यकारभारास जोडला आणि त्याच वर्षी राजास रत्नागिरीत आणून ठेवले. दिल्लीच्या अखेरच्या बादशहाला रंगून, आणि मंडालेच्या अखेरच्या राजाला रत्नागिरी! पुढे याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे लोकमान्य मंडालेत, हा योगायोग मराठी वाचकाला चांगलाच परिचित आहे.

ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून अलग झाला तो १ एप्रिल १९३७ रोजी. तोवरच्या पन्नास वर्षांत या दोन देशांचा कायदा, चलन, टपाल आणि नोकरशाही एकच होती. आकाशही एकच होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. तो देणाऱ्या संस्थेचे नाव होते ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी टपालाची पिशवी घेऊन जे ऐतिहासिक उड्डाण केले ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासाचे पहिले पान या दोन घटनांनी सुरू होते. परवान्यावर ज्या दोन देशांची नावे होती त्यांतला एक अवघ्या आठ वर्षांत वेगळा झाला आणि ज्या गावाहून ते उड्डाण झाले ते गाव आणखी दहा वर्षांनी परदेशात गेले.

राज्य दुभंगते तेव्हा जमीन, सैन्य, खजिना, रेल्वेचे डबे आणि कचेऱ्यांतील टेबले-खुर्च्या यांची वाटणी होते. तिचे दाखले इतिहासाच्या ग्रंथांत सापडतात. परंतु त्या राज्याने माणसांच्या हाती दिलेल्या कागदांचे काय होते? वैद्याची पदवी, वकिलाची सनद, बोटीवरच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना हे सारे कागद म्हणजे राज्याने दिलेला शब्द असतो. ‘हा मनुष्य या कामास लायक आहे, आम्ही त्याची परीक्षा घेतली आहे’, असे ते राज्य जगाला सांगत असते. शब्द देणारेच बदलले तर त्या शब्दाची किंमत कोणी करायची?

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून भारतात ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ अमलात आला आणि त्याने १९३४ चा विमान कायदा कालबाह्य ठरविला. नव्वद वर्षे या देशाचे आकाश इंग्रजांनी केलेल्या कायद्याने नियंत्रित होत होते. लोकसभेने ९ ऑगस्ट २०२४ रोजी आणि राज्यसभेने ५ डिसेंबर २०२४ रोजी नवे विधेयक संमत केले. त्या वेळी संसदेत सर्वाधिक गाजले ते विधेयकाचे हिंदी नाव! ‘वायुयान’ हा शब्द काही सभासदांच्या जिभेस जड गेला म्हणे. कायद्याच्या मजकुरावर जितका खल व्हावयास हवा होता तितका झाला नाही. भारतीय परवान्याचे जगातील मोल कशाने ठरते, हा प्रश्न तर चर्चेच्या कडेलाच राहिला.

ते मोल समजण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था कशी चालते हे आधी पाहिले पाहिजे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे नागरी विमानवाहतुकीचा करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना जन्मास आली. या कराराच्या बत्तिसाव्या आणि तेहेतिसाव्या कलमांत वैमानिकांच्या परवान्यांचा विचार आहे. सर्वसामान्य समज असा असतो की, एकदा परवाना मिळाला की तो जगभर चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या देशात विमानाची नोंदणी झाली आहे त्या देशाने दिलेला, अथवा त्या देशाने वैध ठरविलेला परवाना वैमानिकापाशी असला पाहिजे. तसा तो असेल आणि किमान आंतरराष्ट्रीय निकष पाळून दिलेला असेल, तर तो इतर देशांनी मान्य करावयाचा आहे. म्हणजे भारतीय परवाना घेतलेला वैमानिक भारतात नोंदलेले विमान लंडनला, दुबईला किंवा सिंगापूरला नेऊ शकतो. परंतु दुबईत नोंदलेले विमान त्याला चालवावयाचे असेल तर तेथील प्राधिकरणाची संमती हवी आणि ती देणे वा न देणे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार. बत्तिसाव्या कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे सहसा लक्ष जात नाही. एखाद्या देशाच्या नागरिकाने परदेशातून परवाना आणला, तर स्वतःच्या भूमीवरील उड्डाणासाठी तो मान्य न करण्याचा हक्क त्या देशाने राखून ठेवलेला आहे.

कोकणी माणसाला हे समजावून सांगण्यास फार कष्ट पडू नयेत. रत्नागिरी, दापोली, गुहागर, राजापूर या भागांत घरातील एक तरी माणूस ‘बोटीवर’ असलेली गावे कमी नाहीत. त्या माणसाचे प्रमाणपत्र भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने दिलेले असते आणि ज्या जहाजावर तो चढतो त्यावर फडकत असतो पनामाचा, लायबेरियाचा किंवा मार्शल बेटांचा ध्वज. मग त्या ध्वजाच्या देशाकडून त्याच्या प्रमाणपत्राला मान्यतेची जोड घ्यावी लागते. १९७८ चा खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार ही जोड देण्यापूर्वी त्या देशाने भारतातील प्रशिक्षण आणि परीक्षा यांची खातरजमा करून घ्यावी असे बजावतो. कोकणातल्या त्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च चालतो तो मुंबईतल्या परीक्षा कचेरीच्या अब्रूवर! विमानाची गोष्ट याहून वेगळी नाही. फक्त समुद्राच्या जागी आकाश आहे.

१९४७ साली फाळणी झाली तेव्हा हा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. स्वातंत्र्याच्या कायद्यान्वये प्रचलित कायदे दोन्ही देशांत तसेच चालू ठेवण्यात आले. त्यामुळे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम १५ ऑगस्टच्या सकाळी दिल्लीतही लागू होते आणि कराचीतही. कायदा एकच, नियम तेच, परीक्षा तीच, तास तितकेच. ब्रह्मदेशातही हाच १९३४ चा कायदा नावातला देश बदलून दीर्घकाळ चालू राहिला. मात्र आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सभासदत्वाची वाटणी झाली नाही. ते सर्वच्या सर्व भारताकडे राहिले, कारण अखंड हिंदुस्थानचे आंतरराष्ट्रीय व्यक्तिमत्त्व भारतानेच पुढे चालविले असे मानले गेले. पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रसंघात नव्याने अर्ज करून प्रवेश घ्यावा लागला आणि शिकागो करारावरही १९४७ च्या नोव्हेंबरात स्वतंत्रपणे सामील व्हावे लागले. भारताने त्याच वर्षी मार्चमध्ये या कराराला मंजुरी दिलेली होती. फाळणीच्या विषण्ण इतिहासात हा तपशील लहान वाटेल. परंतु भारत हे ‘नवे’ राष्ट्र असून ते १९४७ साली जन्मले असे मानणाऱ्या विद्वानांनी त्याकडे जरा निरखून पाहावे. जगाने तेव्हाही भारताकडे पूर्वापार चालत आलेले राज्य म्हणूनच पाहिले होते.

विमानांच्या शेपटीवरील अक्षरांचीही येथे आठवण होते. भारतीय विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. पाकिस्तानने ‘एपी’ हे चिन्ह घेतले, ब्रह्मदेशाने ‘एक्सवाय’. ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयज् टेरिटरी’ असा अर्थ लोकांत रूढ आहे आणि हे दास्याचे चिन्ह पुसून टाकावे, अशी मागणी संसदेतही झालेली आहे. मुळात १९२७ च्या वॉशिंग्टन येथील बिनतारी संदेशविषयक परिषदेत ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींना ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या संकेताक्षरांचा गट मिळाला होता, ही दोन अक्षरे त्यातून आली. भावना रास्त आहे आणि ती अक्षरे बदलता आली तर कोणाही देशभक्ताला आनंदच होईल. पण सारी विमाने रंगवून, सारे दस्तऐवज नव्याने लिहून अक्षरे बदलल्याने त्या विमानात बसलेल्या वैमानिकाच्या परवान्याला परदेशातील कचेरीत अधिक मान मिळणार आहे काय? तो मान मिळविण्याचे ठिकाण वेगळे आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला, त्या वेळी हा प्रश्न फारच तीव्र स्वरूपात पुढे आला. पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीत अनेक बंगाली वैमानिक होते. त्यांचे परवाने इस्लामाबादच्या शासनाने दिलेले आणि तेच शासन त्यांच्या आप्तांची कत्तल करीत होते. सप्टेंबर १९७१ मध्ये नागालँडमधील दिमापूर येथे भारताच्या साहाय्याने मुक्तिवाहिनीचे हवाई पथक उभे राहिले. भारताने एक डकोटा, एक ऑटर आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर दिले. हवाई दलातून फुटून आलेल्यांबरोबर या नागरी वैमानिकांनीही त्यांवर प्रशिक्षण घेतले आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्री नारायणगंज व चितगाव येथील इंधनसाठ्यांवर हल्ले चढविले. पूर्वी प्रवासी वाहून नेणाऱ्या या माणसांना त्या रात्री कोणी परवाना विचारला नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. युद्धात कौशल्याची परीक्षा निराळी असते. पण युद्ध संपले, ४ जानेवारी १९७२ रोजी बांगलादेशाची स्वतःची विमान कंपनी स्थापन झाली आणि मग कागद लागले. राज्य स्वतंत्र झाले की त्याला आपले नोंदणीपुस्तक, आपली परीक्षा, आपले तपासनीस हवेत. राष्ट्रगीत आणि ध्वज एका रात्रीत ठरू शकतात. तपासनीस तयार होण्यास वर्षे लागतात.

ही वर्षे किती महाग पडतात याचा अनुभव, ज्या देशाने आपल्याला १९३४ चा कायदा दिला त्या देशानेच अलीकडे घेतला. ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले आणि संक्रमणाचा काळ त्याच वर्षाच्या अखेरीस संपला. तोवर युरोपातील विमानवाहतुकीच्या सुरक्षेचे नियम कोलोन येथील युरोपीय संस्था करीत असे आणि सभासद देशांपैकी कोणीही दिलेला परवाना सर्वत्र चालत असे. १ जानेवारी २०२१ च्या पहाटेपासून ब्रिटनने दिलेला परवाना युरोपीय संघात नोंदलेल्या विमानासाठी निरुपयोगी ठरला. आदल्या दिवशी आयर्लंडमध्ये नोंदलेले विमान चालविणारा इंग्रज वैमानिक दुसऱ्या दिवशी त्याच विमानाच्या चालककक्षात बसण्यास अपात्र! त्याचे कौशल्य एका रात्रीत आटले नव्हते, त्याची प्रकृती ढासळली नव्हती. परवान्यामागचे राज्य तेवढे व्यवस्थेबाहेर गेले होते. धोरणी वैमानिकांनी आधीच आपले परवाने आयर्लंड, ऑस्ट्रिया यांसारख्या देशांकडे वर्ग करून घेतले होते. जे ‘काहीतरी तडजोड होईल’ या आशेवर थांबले त्यांना पुन्हा परीक्षा, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा शुल्क या चक्रातून जावे लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिटनने युरोपीय परवाने आपल्या विमानांसाठी २०२२ च्या अखेरपर्यंत मान्य करण्याचे एकतर्फी ठरविले. युरोपने तशी सवलत ब्रिटनला दिली नाही. मैत्री होती, व्यापार होता, चाळीसहून अधिक वर्षांचा सहवास होता. परंतु मान्यतेच्या बाबतीत ज्याच्यापाशी मोठी बाजारपेठ आणि पूर्ण यंत्रणा, त्याचा शब्द वर राहिला. युरोपीय संघातून बाहेर पडणे हा ब्रिटिश जनतेचा सार्वभौम अधिकार होता आणि तो तिने मतपेटीतून बजावला. त्याबद्दल तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त इतकेच की, सार्वभौमत्वाचा हिशेब पूर्ण मांडावा लागतो. विमानांच्या आराखड्यांस मंजुरी देण्यापासून अनेक कामे ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने वर्षानुवर्षे युरोपीय संस्थेकडे सोपविली होती. ती परत घेताना त्या कामाची माणसे पुन्हा जमवावी लागली. सत्ता परत आली. कसब मात्र कमवावे लागले.

आणि आता पाकिस्तानकडे पाहावे. २२ मे २०२० रोजी कराचीच्या विमानतळालगतच्या वस्तीवर पाकिस्तानच्या सरकारी कंपनीचे एअरबस विमान कोसळले. विमानातील ९९ जणांपैकी ९७ मृत्युमुखी पडले. महिन्याभराने, त्याच चौकशीच्या अनुषंगाने, तेथील विमानवाहतूक मंत्री गुलाम सरवर खान यांनी पाकिस्तानी संसदेत सांगितले की, देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांनी परीक्षा स्वतः दिलेली नसून त्यांच्या जागी भलतेच बसले होते. जगभर हाहाकार उडाला. युरोपीय संस्थेने १ जुलै २०२० पासून त्या कंपनीला युरोपात येण्यास मज्जाव केला, अमेरिकेने पाकिस्तानचा दर्जा खाली आणला आणि व्हिएतनाम, मलेशियासारख्या देशांनी आपल्याकडे नोकरीस असलेल्या पाकिस्तानी वैमानिकांना जमिनीवर बसविले. पुढे फेरतपासणीत संशयितांपैकी बऱ्याच जणांचे परवाने खरे ठरले. परंतु तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. युरोपची बंदी उठण्यास २९ नोव्हेंबर २०२४ उजाडावे लागले आणि ब्रिटनची तर १६ जुलै २०२५.

१९४७ साली एकाच कायद्याखाली, एकाच नियमावलीने, एकाच आकाशातून ज्यांनी सुरुवात केली त्यांतील एकाच्या परवान्याची ही गत झाली. प्रामाणिकपणे परीक्षा देऊन, हजारो तास उड्डाण करून मान मिळविलेले पाकिस्तानी वैमानिकही त्यात भरडले गेले. त्यांचा अपराध एवढाच की त्यांच्या परवान्यावर त्या राज्याची मोहर होती. पाकिस्तानची फजिती पाहून इकडे अनेकांना गुदगुल्या झाल्या आणि वृत्तवाहिन्यांनी चार दिवस करमणूक करून घेतली. त्या करमणुकीत स्वतःच्या घराकडे पाहण्याचे राहून गेले.

घराकडे पाहिले तर काय दिसते? २०११ च्या मार्चमध्ये भारतातही खोट्या गुणपत्रिका जोडून वरच्या दर्जाचे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला हजारो परवान्यांची कागदपत्रे पुन्हा तपासावी लागली. राजस्थानातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत न केलेल्या उड्डाणांचे तास नोंदवहीत चढविल्याचेही त्याच सुमारास बाहेर आले. त्यानंतर तीन वर्षांनी, ३१ जानेवारी २०१४ रोजी, अमेरिकेच्या विमान प्रशासनाने भारताचा दर्जा पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत उतरविला. परिणामी भारतीय कंपन्यांना अमेरिकेस नवी उड्डाणे सुरू करता येईनात. या अवनतीचे मुख्य कारण लाजिरवाणे होते. वैमानिकांवर देखरेख करणारे पूर्णवेळ तपासनीस महासंचालनालयापाशी पुरेसे नव्हते आणि ज्या कंपन्यांची तपासणी करावयाची त्याच कंपन्यांचे वैमानिक उसने आणून काम भागविले जात होते. कुंपणाने शेताची राखण शेतातल्याच गुरांकडे सोपवावी, तसा हा प्रकार! ७५ पूर्णवेळ तपासनीसांची पदे मंजूर झाली, इतर त्रुटी दूर केल्या गेल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिला दर्जा परत मिळाला.

त्यानंतर जे साध्य झाले तेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या सुरक्षा तपासणीत भारताचे गुण ६९.९५ वरून ८५.६५ टक्क्यांवर गेले. २०२३ साली महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले, ही तोवरची सर्वाधिक संख्या होती. २० फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकांना मोबाइलवर वापरता येणारा इलेक्ट्रॉनिक परवाना मिळू लागला. चीननंतर तसे करणारा भारत हा दुसरा देश. बनावट कागदांना आळा घालण्याच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. ज्याची सत्यता परदेशातील कचेरीला तत्क्षणी पडताळता येते तो परवाना खोटा करणे सोपे राहत नाही.

परंतु याच्या दुसऱ्या बाजूला संसदीय समितीचा मार्च २०२५ चा अहवाल आहे. महासंचालनालयातील ५३ टक्के मंजूर पदे रिक्त असल्याचे त्यात नमूद आहे. भारतीय कंपन्यांनी २०२३ या एका वर्षात एअरबस आणि बोइंगकडे हजाराच्या घरात विमाने मागविली. एकट्या इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७०. विमाने पैसे देऊन येतात, वैमानिकही जास्त पगार देऊन मिळू शकतात. मात्र या दोघांवर नजर ठेवणारा माणूस सरकारी वेतनश्रेणीत, सरकारी विलंबाने, सरकारी भरतीच्या फेऱ्यांतून यावयाचा असतो आणि तो वेळेवर येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून महासंचालनालयाने देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी सुरू केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. प्रतवारी केली आणि ती लपविली नाही, याबद्दल महासंचालनालयाचे अभिनंदन करावे. निकालाबद्दल मात्र कोणाचे अभिनंदन करावे असा प्रश्न पडतो.

याचा भार शेवटी कोणावर पडतो? रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घरात मुलाने किंवा मुलीने वैमानिक होण्याचे ठरविले, तर खर्चाचा आकडा अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. बँकेचे कर्ज, आई-वडिलांची भविष्य निर्वाह निधीची पुंजी, प्रसंगी हापूसच्या कलमांची बाग तारण. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर येथे प्रशिक्षण मिळते. तरीही पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात, विमाने आणि प्रशिक्षक अपुरे पडतात, दोनशे तास पुरे होण्यास ठरल्यापेक्षा बराच अधिक काळ लागतो. म्हणून अनेकजण अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका किंवा फिलिपिन्सचा रस्ता धरतात. तेथे वर्षभरात परवाना हाती पडतो. मायदेशी परतल्यावर मात्र त्या परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करावे लागते. हवाई नियमांची व इतर विषयांची भारतीय परीक्षा, महासंचालनालयाची वैद्यकीय तपासणी आणि ज्या देशाने परवाना दिला त्या देशाच्या प्राधिकरणाकडून तो खरा असल्याचा दुजोरा. यांतील एकही अट गैर नाही. पाकिस्तानचे उदाहरण समोर असताना तर कोणी या अटी शिथिल करा असे म्हणू नये. पण दुजोऱ्याचे एक पत्र दोन सरकारांच्या टपालात महिनोन्‌महिने अडकून पडते, तेव्हा कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि न उडणाऱ्या वैमानिकाचा सराव मात्र थांबतो.

१९३७ च्या नियमावलीतील पंचेचाळिसाव्या नियमाने परकीय परवान्यास भारतात वैधता देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि देशात वैमानिकांचा तुटवडा पडला तेव्हा परदेशी वैमानिकांना तात्पुरती अनुमती देण्यात दिल्लीने फारशी खळखळ केली नाही. तीच तत्परता परदेशातून शिकून आलेल्या भारतीय मुलांच्या वाट्याला यावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. जेथे आपले विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात अशा मोजक्या देशांच्या प्राधिकरणांशी परवान्यांच्या पडताळणीचे थेट करार करणे आणि उत्तरास ठरावीक दिवसांची मुदत घालणे हे राजनैतिक दृष्ट्या अवघड काम नाही. इलेक्ट्रॉनिक परवान्याची यंत्रणा आपल्यापाशी आहेच. ती आखाती देशांतील प्राधिकरणांना खुली करून द्यावी म्हणजे तेथे नोकरीस जाणाऱ्या भारतीय वैमानिकाचीही हेलपाट्यांतून सुटका होईल. आणि हे करार करताना ब्रिटनने जी चूक केली ती टाळावी. एकतर्फी मान्यता देऊन समोरच्याच्या औदार्याची वाट पाहत बसू नये. जे द्यावयाचे ते घेतल्यावाचून देऊ नये.

नव्या अधिनियमाखालील नियम तयार होत असताना महासंचालनालयाला स्वतःची भरती स्वतः करण्याची आणि तपासनीसांना बाजारातील वैमानिकांच्या तोडीचे वेतन देण्याची मुभा मिळते की नाही, इकडे खासदारांनी लक्ष ठेवले पाहिजे. कोकणच्या लोकप्रतिनिधींनी तर विशेषच. मिरजोळ्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडावे यासाठी रत्नागिरीकरांनी कित्येक वर्षे निवेदने दिली, तारखा ऐकल्या, पाहणी दौऱ्यांची छायाचित्रे पाहिली. ती मागणी रास्तच आहे. तिच्यासोबत एक कागद आणखी जोडावा: महासंचालनालयातील रिक्त पदे कोणत्या तारखेपर्यंत भरली जाणार, याचे लेखी उत्तर मागणारा.